भूत दिसलं नाही, तरी झोप का उडाली?

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात चार्ल्स डार्विनने एकदा स्वतःचीच परीक्षा घेतली. जाड काचेपलीकडे पफ ॲडर जातीचा विषारी साप होता. डार्विनने काचेला तोंड लावलं आणि मनाशी पक्कं ठरवलं, की साप अंगावर आला तरी जागचं हलायचं नाही. सापाने झडप घातली आणि उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा हा गृहस्थ एक-दोन यार्ड मागे उडाला! १८७२ सालच्या पुस्तकात त्याने हे सगळं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे. काच फुटणार नाही हे डोक्याला माहीत होतं, पायांना कुणी कळवलं नव्हतं.

भयपटांचा निम्मा धंदा या बेखबर पायांवर चालतो. शांतता, शांतता, अजून शांतता आणि मग धाडकन काहीतरी. हे तंत्र आजकालचं वाटतं, पण त्याचं गाजलेलं पहिलं उदाहरण १९४२ सालच्या ‘कॅट पीपल’मधलं आहे. रात्रीच्या निर्मनुष्य रस्त्यावरून एक बाई भराभर चालली आहे. मागे कुणीतरी आहे असं तिला वाटतं, आपल्यालाही वाटतं. आता हल्ला होणार, इतक्यात फिस्सकन आवाज होतो आणि पडद्यावर येते सिटी बस. निर्माता होता व्हॅल ल्यूटन. त्याच्यामुळे अशा फसव्या दचक्याला सिनेमावाले अजूनही ‘ल्यूटन बस’ म्हणतात.

दचका मोजताही येतो. ब्रॉडबँडच्या दरांची तुलना करणाऱ्या एका ब्रिटिश कंपनीने २०२० मध्ये प्रेक्षकांना यंत्रं लावून भयपट दाखवले आणि ‘सिनिस्टर’ला पहिला नंबर दिला. एरवी मिनिटाला ६५ पडणारे ठोके सरासरी ८६ वर गेले होते. बातमी झकास, जाहिरातही झकास. पण छातीचे ठोके पार्किंगमधून गाडी काढेपर्यंत ताळ्यावर येतात. काही सिनेमे मात्र गाडीत बसून घरी येतात, बाथरूमचा दिवा चालू ठेवायला लावतात, आठवडाभर मुक्काम ठोकतात. त्यांचं इंगित ठोक्यांच्या आलेखात सापडत नाही. ते कुठे सापडतं, ते पाहू.

(जाता जाता : भीतीने रक्त गोठतं का, हेही नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी तपासलं आहे. २४ निरोगी माणसांना ‘इन्सिडियस’ दाखवला आणि शॅम्पेन या दारूवरचा एक निरुपद्रवी माहितीपटही. भयपटानंतर ५७ टक्के लोकांच्या रक्तात गोठण्याला मदत करणारा ‘फॅक्टर आठ’ वाढलेला होता, माहितीपटानंतर फक्त १४ टक्क्यांच्या. प्रत्यक्ष गुठळी कुणाचीच झाली नाही. निष्कर्ष २०१५ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या नाताळ अंकात आले. त्या अंकात डॉक्टरमंडळी दरवर्षी अशी गंमत करतात.)

डोळे नको, कान झाका

भित्रा प्रेक्षक हमखास एक चूक करतो. भीतीचा प्रसंग आला की डोळ्यांवर हात ठेवतो. चोर तर कानातून येतो!

जॉन कार्पेंटरने १९७८ मध्ये ‘हॅलोवीन’ केला, तेव्हा पार्श्वसंगीत चढवण्याआधीची प्रत एका बड्या स्टुडिओतल्या अधिकारी बाईंना दाखवली. त्यांना काडीची भीती वाटली नाही. मग कार्पेंटरने स्वतःच पियानोवर पाच मात्रांची ती अडखळती धून बसवली. पुढे जग घाबरलं.

‘सायको’मधल्या शॉवरच्या प्रसंगाला संगीतच नको, असं हिचकॉकचं म्हणणं होतं. संगीतकार बर्नार्ड हर्मनने त्याचं न ऐकता व्हायोलिनं किंचाळवली. हिचकॉकने ते ऐकलं आणि निमूट मत बदललं. सुरा खुपसल्याचा आवाज मात्र खरबुजाचा आहे. वेगवेगळ्या जातींची खरबुजं आणून भोसकून पाहिली आणि हिचकॉकने नुसतं ऐकून त्यातलं एक पसंत केलं. मोरीतून वाहून जाणारं रक्त म्हणजे चॉकलेट सिरप. सिनेमा कृष्णधवल असल्याने ते खपून गेलं.

किंचाळीत नेमकं काय असतं, याचा छडा एका मार्मोटवाल्याने लावला. मार्मोट हा खारीच्या कुळातला गुबगुबीत प्राणी. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डॅनियल ब्लमस्टीन त्यांचा अभ्यास करतात. पकडलेलं पिल्लू घाबरून ओरडतं तेव्हा त्याचा आवाज फाटतो, खरखरतो, मध्येच उडी मारतो. स्पीकर क्षमतेबाहेर वाजवल्यावर होतो तसा. सिनेमांचे लेखक-संगीतकारही नकळत हेच करतात का? त्यांनी १०२ सिनेमांमधले ठळक प्रसंग घेऊन ध्वनिपट्ट्या तपासल्या. भयपटांत अशा फाटक्या आवाजांचं आणि किंकाळ्यांचं प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त निघालं. हे २०१० साली प्रसिद्ध झालं. आणखी पाच वर्षांनी दुसऱ्या एका गटाने दाखवलं की माणसाच्या किंकाळीत आवाजाची पातळी सेकंदाला ३० ते १५० वेळा वरखाली होते. साध्या बोलण्यात हे होत नाही. गाड्यांच्या सायरनमध्ये होतं. म्हणजे रात्री दोन वाजता शेजाऱ्याच्या गाडीचा अलार्म आपल्या जिवावर उठतो, त्याला शास्त्रीय आधार आहे.

‘द एक्झॉर्सिस्ट’ (१९७३) म्हटलं की लोकांना गर्रकन फिरणारं डोकं आणि हिरवी ओकारी आठवते. ती ओकारी वाटाण्याच्या सुपाची. पण त्या सिनेमाला मिळालेल्या दोन ऑस्करपैकी एक होतं ध्वनीसाठी, आणि ते अगदी योग्य होतं. बारा वर्षांच्या मुलीच्या तोंडून निघणारा सैतानाचा आवाज मर्सिडीज मॅककेम्ब्रिज या अनुभवी अभिनेत्रीने दिला. त्यासाठी तिने कच्ची अंडी गिळली, सिगारेटी ओढल्या, दारू प्यायली, स्वतःला खुर्चीला बांधून घेतलं. त्या मिश्रणात मधमाश्यांची गुणगुण आणि डुकरांचं केकाटणंही मुरवलेलं आहे. कानाला ते वेगळं काढता येत नाही. म्हणूनच ते जास्त छळतं.

सगळ्यात डांबरट प्रयोग गास्पर नोए या दिग्दर्शकाचा. ‘इरिव्हर्सिबल’च्या (२००२) पहिल्या अर्ध्या तासात त्याने सुमारे २७-२८ हर्ट्झचा, जेमतेम ऐकू येणारा घोगरा नाद पेरून ठेवला. कान चित्रपट महोत्सवात बरेच प्रेक्षक उठून गेले, काहींना प्राणवायू द्यावा लागला. यातलं श्रेय नादाचं किती आणि पडद्यावरच्या असह्य हिंसेचं किती, हे वेगळं करणं कठीण. मला वाटतं, दृश्यंच पुरेशी होती. पण कमी कंपनांचे आवाज काहीतरी करतात, असं मानणारे लोक आहेत. कोव्हेंट्रीतल्या एका प्रयोगशाळेत विक टँडी या अभियंत्याला डोळ्यांच्या कडेला एक करडी आकृती दिसायची, अंगावर काटा यायचा. दुसऱ्या दिवशी त्याच्या तलवारबाजीच्या तलवारीचं पातं शिकंज्यात पकडलेलं असताना आपोआप थरथरू लागलं. शोध घेतला तर नवा बसवलेला पंखा १९ हर्ट्झच्या आसपास कंप पावत होता. पंखा दुरुस्त केला, भूत गेलं. मांत्रिकापेक्षा वायरमन स्वस्त पडला.

दाखवायचं कमी

‘जॉज’मधला यांत्रिक शार्क समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा. स्पीलबर्गने त्याला आपल्या वकिलाचं नाव दिलं होतं, ब्रूस. ब्रूस कामावर येईना, म्हणून स्पीलबर्गने पाणी दाखवलं, पिवळे पिंप दाखवले आणि जॉन विल्यम्सचे दोन स्वर वाजवले. शार्क नीट दर्शन देतो तो तासाभराहून अधिक वेळ गेल्यावर. ब्रूस शहाण्यासारखा चालला असता, तर १९७५ च्या उन्हाळ्यात इतकी माणसं समुद्राला घाबरली असती का, शंकाच आहे.

याहून चक्रावून टाकणारं उदाहरण ‘द टेक्सस चेनसॉ मॅसॅकर’चं (१९७४). नाव ऐकूनच रक्ताचे पाट डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात पडद्यावर रक्त अगदी बेताचं आहे. दिग्दर्शक टोब हूपरला तर मुलांनाही पालकांसोबत पाहता येईल असं प्रमाणपत्र मिळण्याची आशा होती! मिळालं नाही, अर्थात. बघणाऱ्याने मनातल्या मनात इतकं रक्त ओतलं होतं की सेन्सॉरलाही ते दिसलं. जेवणाच्या टेबलाचा प्रसंग टेक्ससच्या उन्हाळ्यात, खिडक्या झाकून, तापलेल्या दिव्यांखाली, सडत चाललेल्या मांसासमोर सव्वीस-सत्तावीस तास सलग चित्रित झाला. नटांच्या चेहऱ्यावरचा वैताग तिथे अभिनयाने आलेला नाही.

‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ने (१९९९) तर चेटकीण दाखवलीच नाही. मेरीलँडच्या जंगलात तीन नटांना कॅमेरे देऊन सोडलं, प्रत्येकाला वेगळ्या सूचना डब्यांतून ठेवल्या, रोजचं खाणं कमी कमी करत नेलं. आठ दिवसांत चित्रीकरण आटोपलं. नट बेपत्ता असल्याची पत्रकं वाटली, इंटरनेटवरही तेच पसरवलं. जगभरातून २४ कोटी डॉलरहून जास्त गल्ला जमला. इंटरनेट तेव्हा लहान होतं आणि लोकांचा त्याच्यावर विश्वास होता.

थोडंसंच चुकलेलं

‘रिंग’मधली (१९९८) सादाको विहिरीतून येते, टीव्हीतून बाहेर पडते, आणि तिची चाल पाहून पोटात गोळा येतो. का, ते पटकन सांगता येत नाही. काबुकी रंगभूमीचं शिक्षण घेतलेल्या अभिनेत्रीला दिग्दर्शक हिदेओ नाकाताने उलटं चालायला लावलं आणि चित्रफीत उलटी फिरवली. ती पुढे येते, पण सांध्यांचा हिशेब जुळत नाही. मेंदू तक्रार नोंदवतो आणि तक्रारीचं कारण लिहायची जागा मोकळी सोडतो.

जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच हे मांडून ठेवलं होतं. यंत्र माणसासारखं होत गेलं तसं ते आवडत जातं. पण जवळजवळ माणूस झालं आणि थोडंसंच चुकलं, की आवड एकदम दरीत कोसळते. ‘हॅलोवीन’च्या खुन्याचा मुखवटा या दरीचा अस्सल रहिवासी. ‘स्टार ट्रेक’च्या कॅप्टन कर्कचा, दोन डॉलरपेक्षा कमी किमतीचा मुखवटा आणला, पांढरा रंगवला, डोळ्यांची भोकं मोठी केली. झालं.

याच्या शेजारीच किळस राहते. भीती ओसरते, किळस चिकटून बसते. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी लोकांना फळांच्या रसात मेलेलं झुरळ बुडवून दाखवलं. झुरळ निर्जंतुक केलेलं आहे, अपाय शून्य, हेही सांगितलं. तरी लोकांनी रस नाकारला. पुन्हा तोच डार्विनचा साप. ‘एलियन’मध्ये (१९७९) छाती फोडून जीव बाहेर येतो, तेव्हा रक्त नेमकं किती आणि कुठे उडणार हे सहकलाकारांना सांगितलेलं नव्हतं. व्हेरोनिका कार्टराइटची ती किंकाळी खरी आहे. डेव्हिड लिंचच्या ‘इरेझरहेड’मधलं (१९७७) बाळ कशाचं बनवलं होतं, हे लिंचने कधीच उघड केलं नाही. स्टॅनली कुब्रिक ‘द शायनिंग’च्या आधी आपल्या चमूला हा सिनेमा दाखवायचा, नेमकी कोणती मनःस्थिती हवी आहे ते समजावं म्हणून.

पांघरुणाचाही भरवसा नाही

माझ्या मते खरी मेख इथे आहे. पडक्या वाड्यात भूत असेल तर वाड्यात जाऊ नये, हा सोपा उपाय आहे. रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’चा प्रेक्षक घरी जाऊन गाढ झोपायचा, कारण मंदिर तिकडे लांब होतं. अस्वस्थ करणारा सिनेमा आपल्या लपायच्या जागेवरच हात टाकतो.

‘सायको’ने १९६० मध्ये बाथरूम काढून घेतलं. स्मशान नाही, तळघर नाही, लख्ख पांढऱ्या फरशांचं बाथरूम. वर नायिकेलाच अर्ध्यात मारून टाकलं. आता कुणाचा हात धरायचा? वेस क्रेव्हनने ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’मध्ये (१९८४) झोप काढून घेतली. कल्पना वर्तमानपत्रातली. आग्नेय आशियातून अमेरिकेत आलेले काही तरुण निर्वासित झोपेतच दगावल्याच्या बातम्या त्याने वाचल्या होत्या. फ्रेडी क्रूगरच्या स्वेटरचे लाल-हिरवे पट्टेही त्याने विचार करून निवडले. हे दोन रंग शेजारी आले की डोळ्याला त्रास होतो, असं त्याच्या वाचनात आलं होतं. आणि ताकाशी शिमिझूने ‘जू-ऑन’मध्ये (२००२) शेवटचा किल्लाही पाडला. घाबरलेली मुलगी अंथरुणात शिरून डोक्यावर पांघरूण ओढते, आणि भूत पांघरुणाच्या आत असतं. लहानपणापासूनचा करार एका क्षणात मोडतो. ‘डोक्यावर गोधडी घेतली की काही होत नाही’ हे आपल्याला कुणी लेखी दिलं नव्हतं, तरी फसवणूक झाल्यासारखं वाटतं.

उजेडही असाच काढून घेता येतो. अरी ॲस्टरच्या ‘मिडसमर’मधलं (२०१९) क्रौर्य स्वीडनच्या न मावळणाऱ्या उन्हात, फुलांचे मुकुट घालून चालतं. पण त्याच्या दोन वर्षं आधी आपल्याकडे विशाल फुरियाच्या ‘लपाछपी’ने हे करून दाखवलं होतं. सावकारांपासून लपायला आलेलं जोडपं, पूजा सावंतने साकारलेली गर्भवती नायिका आणि चहूबाजूंनी डोक्याच्या वर वाढलेला ऊस. टळटळीत दुपार, हिरवंगार शिवार आणि तरी घुसमट. ज्याने उभ्या उसात दहा पावलं आत जाऊन मागे वळून पाहिलं आहे, त्याला वेगळं सांगायला नको. त्या घरातली भीती स्त्रीभ्रूणहत्येतून येते, म्हणून सिनेमा संपला तरी ती खोटी ठरत नाही. फुरियानेच पुढे हिंदीत ‘छोरी’ केला. ऊस तोच.

‘एक्झॉर्सिस्ट’मध्येही सैतानापेक्षा भयंकर प्रसंग रुग्णालयातला आहे, असं म्हणणारे खूप भेटतात. मानेत सुई घालून केलेली ती मेंदूची तपासणी. तिथे भूत नाही, पांढरे कोट आहेत आणि मुलीसाठी काहीच करू न शकणारी आई आहे. त्या दृश्यातला तंत्रज्ञ खराखुरा क्ष-किरण तंत्रज्ञ होता. काही वर्षांनी तो एका खुनाबद्दल तुरुंगात गेला. हे कळल्यावर तो प्रसंग पुन्हा पाहवत नाही.

बघणारा नामानिराळा नाही

१९६० मध्येच ब्रिटनमध्ये मायकेल पॉवेलचा ‘पीपिंग टॉम’ आला. यातला खुनी कॅमेऱ्याच्या तिकाटणीतलं पातं उगारतो आणि मरणाऱ्या बाईचा चेहरा चित्रित करतो. आपण ते त्याच्या कॅमेऱ्यातून बघतो. खुन्याच्या बापाची भूमिका पॉवेलने स्वतः केली आणि छळ सोसणाऱ्या लहान मुलाची त्याच्या खऱ्या मुलाने. समीक्षक इतके खवळले की या नामवंत दिग्दर्शकाची ब्रिटनमधली कारकीर्द जवळजवळ बुडाली. ‘सायको’ने त्याच वर्षी पैसा ओढला. फरक एवढाच, की हिचकॉकने प्रेक्षकाला घाबरवलं आणि पॉवेलने त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं.

मायकेल हानेकेचा ‘फनी गेम्स’ (१९९७) त्याच वाटेवरचा. दोन सभ्य, पांढरे हातमोजे घातलेले तरुण एका कुटुंबाला ओलीस धरतात. बहुतेक हिंसा चौकटीबाहेर घडते. शेवटी बाई बंदूक हिसकावून एकाला उडवते आणि आपण खूश होतो. तेवढ्यात दुसरा रिमोट शोधतो, सिनेमाच मागे फिरवतो आणि आपली खुशी रद्द करतो. मी हा सिनेमा कुणालाही बघायला सांगत नाही. विसरायला जमलेलंही नाही.

अतिरेक कुठे होतो, तेही पाहिलं पाहिजे. ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ (१९८०) इतका खरा वाटला की इटलीत दिग्दर्शक रुजेरो देओदातोवर नट मारल्याचा संशय आला. त्यानेच नटांना वर्षभर लोकांसमोर यायचं नाही असं करारात बांधलं होतं. शेवटी त्यांना जिवंत हजर करून सुटका करून घ्यावी लागली. पण त्यात मारलेले प्राणी खरे होते. तिथे भयपट संपतो आणि नुसतं क्रौर्य उरतं. त्याला कलेचं पांघरूण घालायची माझी तयारी नाही.

‘तुंबाड’ (२०१८) मात्र या सगळ्या युक्त्या एका घागरीत भरतो. राही अनिल बर्वेने आकाशातल्या खऱ्या पावसासाठी चार पावसाळे घालवले, चित्रीकरण सासवडच्या वाड्यात आणि कोकणात केलं. ओल इतकी की थिएटरमध्ये कपडे दमट वाटावेत. झाडाच्या मुळांत रुतलेली, मरण न येणारी म्हातारी आहे, कणकेच्या बाहुलीला भुलणारा हस्तर नावाचा राक्षस आहे. पण अंगावर येतो तो वेगळाच प्रसंग : नायक विनायकराव आपल्या पोराला विहिरीत उतरायची तालीम देतो आणि बापाच्या शाबासकीसाठी पोरगं हावरटपणात बापाच्या पुढे जातं. राक्षस विहिरीत एक आहे, विहिरीच्या काठावर दोन. २०२४ मध्ये सिनेमा पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला.

तरी तिकीट का काढतो?

डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठाच्या संशोधकांनी व्हाय्ले गावच्या एका भूतबंगल्यात ११० लोकांना ठोके मोजणारी यंत्रं लावून सोडलं. फार कमी घाबरलेले कंटाळले, फार घाबरलेले वैतागले. मजा मधल्यांना आली. हा मधला पट्टा प्रत्येकाचा वेगळा असतो, म्हणूनच एकाच सिनेमाला नवरा घोरतो आणि बायको देवघरातला दिवा तपासून येते. किंवा उलट. करोनाकाळातल्या एका पाहणीत भयपटांचे शौकीन इतरांपेक्षा मानसिकदृष्ट्या कमी ढासळलेले आढळले. भयपटामुळे मन कणखर होतं, की कणखर मनाची माणसं भयपट बघतात, हे त्यावरून सिद्ध होत नाही. घरच्यांशी वाद घालताना मात्र हे संशोधन बरं पडतं.

आणि फारच टरकायला झालं, तर पडद्यामागच्या गोष्टी वाचाव्यात. ‘द शायनिंग’मधल्या छोट्या डॅनीची भूमिका करणाऱ्या डॅनी लॉइडला आपण भयपटात काम करतोय हे चित्रीकरणाच्या वेळी सांगितलेलंच नव्हतं. हॉटेलात राहणाऱ्या एका कुटुंबाची गोष्ट, एवढंच त्याला माहीत होतं. मोठेपणी तो जीवशास्त्र शिकवू लागला. त्याने अख्खा सिनेमाही पाहिला. त्याला भीती वाटली नाही, कारण पडद्यामागचं सगळं त्याने पाहिलेलं होतं. स्वतःच्या करमणुकीसाठी तो विनोदी सिनेमे आणि माहितीपट पसंत करतो.